पासष्टच्या आतलं कुणी नाही

खोटं बोलण्यात आम्ही कॉलेजवाले तसे मुरलेले. राजधानी सोलहून आमच्या कॉलेजला यायला अडीच तास लागतात असं माहितीपत्रकात छापलं आहे, ते वाक्य माझंच. बस दिवसातून दोनदाच सुटते, हे मी छापलेलं नाही. पण जानेवारीतल्या त्या मंगळवारी दोरेगोलच्या सहा म्हाताऱ्या एका सरकारी माणसासमोर ज्या सफाईनं खोटं बोलल्या, ते ऐकल्यावर आम्ही अगदीच लिंबूटिंबू आहोत हे मला कळून चुकलं.

मी परदेशी विद्यार्थी विभागाची प्रमुख. विभाग म्हणजे मी आणि एक प्रिंटर. सगळे मला प्यो मॅडम म्हणतात. मी रुजू झाले तेव्हा कॉलेजच्या कँटीनमध्ये जागा धरण्यावरून भांडणं व्हायची. आता आमच्या तालुक्यात वर्षाला जेमतेम तीस मुलं जन्मतात, आणि अठरा वर्षांची झाली की तीही सोलची बस पकडतात. मग आम्ही बाहेर बघायला लागलो. आधी व्हिएतनाम, मग उझबेकिस्तान, नेपाळ, किर्गिझस्तान. यंदा पहिल्या वर्षाला चौऱ्याण्णव विद्यार्थी आहेत, त्यातले एकसष्ट बाहेरचे. वृद्धसेवेच्या वर्गात तर आपल्या देशातल्या दोघीच, आणि त्यातली एक छप्पन्न वर्षांची माझी चुलत बहीण आहे. तिला मीच गळ घालून बसवलं.

बाहेरची मुलं आणली की त्यांचा हिशोबही द्यावा लागतो. शिकायला आली आणि मध्येच कुठल्या कारखान्यात पळाली, तर ती 'गायब' म्हणून नोंदली जातात, आणि गायब होणाऱ्यांचा आकडा ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की पुढच्या वर्षी कॉलेजला नवीन मुलं आणता येत नाहीत. गेल्या शरद ऋतूत आमची चार मुलं गायब झाली. आम्ही काठावर उभे होतो. आणखी एक गेलं की संपलं. आणि नवीन मुलं नसली तर कॉलेजला कुलूप, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

अशात त्या सकाळी साडेनऊला व्हिसा कार्यालयाचे योम साहेब न कळवता दारात उभे राहिले. पस्तिशीचे, काळं फुगीर जाकीट, चेहऱ्यावर सुरकुती म्हणून नाही. त्यांनी माझ्याकडून यादी घेतली आणि डोळे मिटून बोट ठेवावं तसं एका नावावर ठेवलं.

"ही. हिला बघायचंय."

मीरिम. किर्गिझस्तान. वय बावीस. वृद्धसेवा, पहिलं वर्ष. पत्ता : दोरेगोल, चुनयांगवाल्या आजींचं घर.

आमच्या वसतिगृहाचा बॉयलर दोन वर्षांपूर्वी फुटला, तो काही परत उभा राहिला नाही. म्हणून आम्ही मुलांना आसपासच्या गावांत एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या घरी ठेवतो. एक म्हातारं माणूस, एक विद्यार्थी. कागदावर योजना फार गोंडस दिसते. तालुक्याच्या मासिकात फोटोसुद्धा आला होता. त्यात मीरिम आणि चुनयांगवाली आजी हातात हात घालून उभ्या होत्या आणि दोघींचे डोळे मिटलेले होते.

"मी आजींना फोन करून सांगते," मी म्हटलं.

"फोन नाही करायचा मॅडम. आधी कळवलं की सगळे घरीच सापडतात."

"मग तिला तरी..."

"तिला तर नाहीच. आणि तिथं गेल्यावर प्रश्न मी विचारणार. तुम्ही मध्ये बोलायचं नाही."

गाडी माझी, पेट्रोल माझं आणि तोंड उघडायची बंदी मलाच. पण मी निमूट चावी उचलली. ही मुलगी पळणाऱ्यातली नव्हे, अशी मला खात्री होती. आठवड्यापूर्वीच ती कॉलेजात येऊन सुट्टीतल्या हजेरीची सही करून गेली होती.

दोरेगोल चाळीस मिनिटांवर आहे. वाटेत शाळा लागते, ती बंद. दवाखाना लागतो, तो मंगळवारी आणि शुक्रवारी उघडतो. चुनयांगवाल्या आजींच्या घराचं फाटक नुसतं लोटलेलं होतं. आमच्याकडे गावात लग्न होऊन आलेल्या बाईला तिच्या माहेरच्या गावावरूनच हाक मारतात, खरं नाव फक्त पोस्टमनला ठाऊक. मी अंगणातून दोनदा हाक मारली. ओ आली नाही.

योम साहेब बूट काढून आत गेले आणि मोज्यांतल्या पायांनी उड्या मारायला लागले. आमच्याकडे बॉयलरनं घराची जमीन तापवतात, ती बर्फासारखी गार होती. बॉयलर बंद. स्वयंपाकघरातला नळ गोठू नये म्हणून त्याला जुना कपडा गुंडाळलेला, आणि तरी खाली बादलीतलं पाणी गोठलेलं. मीरिमच्या खोलीत भिंतीवर माणसाच्या हाडांचं चित्र होतं, टेबलावर पुस्तकं होती, पण गादी, पांघरूण आणि दप्तर नव्हतं. साहेबांनी टेबलावरून बोट फिरवलं आणि धुळीची रेघ मला दाखवली.

"इथं महिनाभर तरी कुणी झोपलेलं नाही."

त्यांनी खोलीचे फोटो काढले, जमिनीचे काढले, बादलीचाही काढला. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला काळजी वाटली नाही, राग आला. आठवड्यापूर्वी माझ्यासमोर बसून, आजी बऱ्या आहेत म्हणत मी दिलेली कॉफी प्यायली होती ही मुलगी! मनातल्या मनात मी तिला पळालेल्यांत जमासुद्धा करून टाकलं. एवढीच माझी खात्री.

"आजी कुठं असतील?" साहेबांनी विचारलं.

"विरंगुळा केंद्रात असणार. थंडीत सगळ्या दिवसभर तिथंच बसतात."

म्हाताऱ्यांचं विरंगुळा केंद्र गावाच्या वरच्या अंगाला आहे. तिथल्या खिडकीतून रस्त्यावरची गाडी पुलापासूनच दिसते, हे मला तेव्हा सुचलं नाही. आम्ही दार उघडलं तर आतून भट्टीसारखी ऊब अंगावर आली. तापलेल्या जमिनीवर सहा म्हाताऱ्या गोल बसून पत्ते खेळत होत्या. इतक्या शहाण्यासारख्या पत्ते खेळणाऱ्या म्हाताऱ्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. कुणी कुणाला शिव्या देत नव्हतं.

"कोण पायजे?" दारासमोरच बसलेल्या ओकसानवाल्या आजींनी विचारलं. शहाऐंशी वर्षांच्या, केंद्राच्या अध्यक्षा. गेली अकरा वर्षं त्यांच्याविरुद्ध निवडणुकीला उभं राहायची कुणाची छाती झालेली नाही.

साहेबांनी ओळखपत्र पुढं केलं. आजींचा चष्मा कपाळावर होता, तो त्यांनी तिथंच राहू दिला.

"सरकारी कार्यालयातून आलोय, आजी. इथं कोण कोण राहतं याची तपासणी आहे."

सहाही जणींनी हातातले पत्ते छातीशी घेतले.

"ऱ्हातंय?" ओकसानवाली म्हणाली. "हितं कुणी ऱ्हात न्हाई. सकाळी यायचं, दोन डाव टाकायचे, पाचाला आपापल्या घरी."

"साडेचारला," दुसरी म्हणाली.

"कवा कवा चारलाच," तिसरी.

"तसं नाही. मी एका मुलीबद्दल विचारतोय. परदेशी मुलगी आहे, बावीस वर्षांची."

"हितं पासष्टच्या आतलं कुणी न्हाई. येऊच देत न्हाई आमी. पाटी वाचा की, भाईर लावलीया."

"चुनयांगवाल्या आजी कोण यातल्या?"

भिंतीकडच्या एका बुटक्या आजींनी वर्गात करावा तसा हात वर केला. वय ब्याऐंशी. हातात पत्ते, पण उलटे धरलेले.

"तुमच्याकडे मीरिम राहते ना?"

त्यांनी आधी अध्यक्षांकडे बघितलं. "ऱ्हातीया की. घरी आसंल."

"घरी नाही. आम्ही आत्ता तिथूनच येतोय."

"मग कालेजात."

"कॉलेजला सुट्टी आहे, आजी."

"मग मैतरणीकडं गेली आसंल. पोरगीच हाय ती. आमाला काय सांगून जाती व्हय?"

प्रत्येक उत्तराबरोबर मी एकेक पायरी खाली उतरत होते. मला ओरडावंसं वाटत होतं, की अहो आजी, ती पळाली असेल तर पळाली म्हणा, पण असल्या थापा नका मारू. पण तोंड उघडायची बंदी.

साहेबांनी माझ्या यादीतला नंबर बघून फोन लावला. आणि समोरच्या भिंतीतल्या कपाटातून गाणं वाजायला लागलं. घोड्यावर बसून म्हणावं तसलं, लांब सुरांचं, आमच्या कुणाचं नव्हे.

सहाही म्हाताऱ्या पत्त्यांकडे बघत बसल्या. गाणं काही थांबेना.

"माझा हाय," शेवटी नव्वदीच्या सोचोनवाल्या आजी म्हणाल्या.

"मग घ्या ना आजी."

"मला ऐकू येत न्हाई."

साहेबांनी फोन बंद केला. कपाटातलं गाणंही बंद झालं. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि मला खुणेनं दाराशी बोलावलं.

"मॅडम, हा प्रकार आम्हाला माहीत आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "फोन गावात ठेवून द्यायचा. कुणी तपासलं तर माणूस गावातच दिसतं. आणि माणूस भलत्याच शहरात डबे भरायच्या कारखान्यात. म्हाताऱ्यांना काहीतरी सांगून पटवलेलं असतं. तुमच्या चार मुलांचंही असंच झालं होतं ना?"

झालं होतं. दोघांचे फोन आम्हाला शेजारच्या वर्गातल्या मुलाच्या दप्तरात सापडले होते.

"मी 'गायब' लिहितो. आज संध्याकाळपर्यंत अहवाल जाईल. व्हिसा आजच रद्द होईल. नंतर सापडली तर परत पाठवणी." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुमच्या कॉलेजचं काय होणार ते तुम्हाला माहीतच आहे."

मला कॉलेजचं माहीत होतं. पण त्या घटकेला डोळ्यांसमोर कॉलेज आलं नाही. आली ती विमानतळावर दोन बॅगा आणि एक घडी केलेली, लोकरीच्या जाड नमद्याची सतरंजी घेऊन उतरलेली मीरिम. 'एवढ्या लांबून सतरंजी कशाला?' असं मी विचारलं होतं, तर म्हणाली होती, 'ज्या आजीकडे राहीन तिच्या गुडघ्यांखाली.' डोळे भरून आले तसं मी साहेबांना हात धुवायला जाते म्हणून सांगितलं आणि न्हाणीघरात शिरले.

नळाचं गरम पाणी तोंडावर मारलं आणि टॉवेल शोधायला मान वर केली. समोर फळीवर एका पेल्यात दात घासायचे ब्रश उभे होते. प्रत्येकाला पांढरी पट्टी चिकटवून नाव लिहिलेलं. ओकसानवाली. सोचोनवाली. चुनयांगवाली. मी मोजले. सात भरले. सातव्यावर गोल गोल अक्षरांत लिहिलं होतं : मीरिम. ब्रश ओला होता.

दिवसभर पत्ते खेळून साडेचारला घरी जाणाऱ्या बायका विरंगुळा केंद्रात दात कशाला घासतील? मी कपाळावर हात मारला. या झोपतात इथं! सगळ्याच्या सगळ्या. एकेका घराचा बॉयलर पेटवण्यापेक्षा इथं एकत्र, सरकारी तेलावर. बॉयलरचं तेल तालुका देतो, पण फक्त दिवसापुरतं. रात्री झोपायला सक्त मनाई आहे, आणि पासष्टच्या आतल्यांना तर यायचीच.

मी बाहेर आले ती थेट खोलीच्या मधोमध जाऊन उभी राहिले. बंदी गेली खड्ड्यात.

"आजी, हे साहेब कुठून आलेत असं तुम्हाला वाटतंय?"

"मॅडम!" योम साहेब म्हणाले.

"कुठनं म्हंजे?" ओकसानवाली म्हणाली. "तालुक्याच्या कचेरीतनं. तेलवालं."

"नाहीत ते तेलवाले! हे व्हिसावाले आहेत. मीरिम जिथं राहते म्हणून लिहिलंय तिथं ती राहते की नाही, एवढंच बघायला आलेत. ती आता सापडली नाही तर आजच तिचा व्हिसा जाईल आणि तिला परत पाठवतील."

चुनयांगवाल्या आजींच्या हातातले पत्ते मांडीवर सांडले. पण अध्यक्षा तशा बधणाऱ्या नव्हत्या.

"गप ग," त्यांनी तिला आधीच दटावलं, आणि साहेबांकडे बोट केलं. "गेल्या साली खालच्या वाडीत असाच एक आला हुता. पाण्याचा मीटर बघतो म्हनला. पाणी बघितलं, चा पिला, गेला. दुसऱ्या म्हैन्यात तेल बंद. समद्या आपापल्या घरी गेल्या झोपाय. त्यातली एक बॉयलर न लावता झोपली, ती उठलीच न्हाई. तिसऱ्या दिशी कळलं. माझी मावसबहीण हुती ती." त्यांचा आवाज चढला नाही. "तवा आमाला नका शिकवू कोण कुठनं आलंय ते."

साहेबांनी ओळखपत्र पुन्हा काढलं, पण ते वाचायचं कुणी? कुणावर विश्वास ठेवायचा हा प्रश्न त्या म्हाताऱ्यांचा होता, आणि चुकलं तर थंडी त्यांच्याच हाडांत जाणार होती.

तेवढ्यात चुनयांगवाल्या आजी उठायला लागल्या. आधी एक हात जमिनीवर, मग दुसरा, मग एक गुडघा. कुणी हात द्यायला गेलं तर त्यांनी झटकला. भिंतीपाशी जाऊन त्यांनी कपाटाचं दार ओढलं. आत कोंबलेल्या गाद्या, उशा, पांघरुणं भसकन त्यांच्या पायांवर कोसळली. त्यातच मीरिमचा फोनही घरंगळला.

"झोपतो आमी हितं," त्या साहेबांना म्हणाल्या. "समद्या. डिसेंबरपासनं. ही गादी माझी. तिच्या शेजारची ही तिची. काय लिवायचं ते लिवा."

"अगं ए," अध्यक्षा म्हणाल्या, "तेल बंद करतील की!"

"करू देत. तेल काय, पुढल्या साली मागता येतंय. पोरगी गेली तर ती कुणाकडं मागू?"

मग त्यांनी मागचं दार उघडलं आणि एवढ्याशा देहातून निघेल असं वाटणार नाही अशा आवाजात हाक मारली.

"मीरिम! ये गं भाईर! तेलवाला न्हाई त्यो!"

मागच्या मिरच्यांच्या प्लास्टिकच्या मांडवातून आधी एक मोठं घमेलं बाहेर आलं, आंबवलेल्या कोबीच्या किमचीनं काठोकाठ भरलेलं, आणि त्याच्या मागून मीरिम. अंगात आजींचा फुलाफुलांचा जाड अंगरखा, डोक्याला रुमाल, नाक टोमॅटोसारखं लाल. आम्हाला बघून ती दारातच थबकली आणि घमेल्यासकट कमरेत वाकून नमस्कार करायला गेली. थोडा रस पायरीवर सांडला.

माझा जीव भांड्यात पडला. भांड्यात म्हणजे कसा, तर मी त्या गाद्यांच्या ढिगावरच धपकन बसले. हसू येत होतं की रडू ते मला सांगता येणार नाही. शरम मात्र वाटत होती, ती सांगते. घरातली गार जमीन बघून मी त्या मुलीला पळपुटी ठरवून मोकळी झाले होते.

"तू लपलीस कशाला?" योम साहेबांनी तिचं ओळखपत्र बघत विचारलं. चेहरा दोनदा ताडून पाहिला.

"आज्जी म्हनली लप, म्हून लपले," मीरिम म्हणाली. "पन मोकळी कशापायी बसू? तवर रांजणातली किमची काढली."

साहेब चमकून माझ्याकडे बघायला लागले. मीही तिला इतकं सलग बोलताना प्रथमच ऐकत होते. आमच्याकडे वर्गात ती चाचरत, पुस्तकातलं बोलते. इथं मात्र सहा म्हाताऱ्यांत राहून तिनं त्यांचीच बोली उचलली होती, चढ-उतारांसकट. बावीस वर्षांच्या तोंडून ऐंशी वर्षांची भाषा. साहेबांच्या ओठांचा कोपरा हलला. सकाळपासून पहिल्यांदाच.

पण ते सरकारी माणूस होते. वही उघडीच होती.

"ती सापडली हे ठीक. पण नोंदलेला पत्ता घराचा आहे. ती राहते इथं. हे नियमात बसत नाही."

मी गाद्यांवरून उठून उभी राहिले.

"घर माझंच हाय की," चुनयांगवाल्या आजी म्हणाल्या. "फेब्रुवारी सरला की आमी दोघी खाली जाणार. मी हितं झोपले तर ही तिकडं एकटी काय करंल? आन् ही तिकडं ऱ्हायली तर मला हितं झोप लागंल व्हय?"

"साहेब, तुमची आई थंडीत कुठं झोपती?" अध्यक्षांनी विचारलं.

"अपार्टमेंटमध्ये."

"मग तिला काय कळायचंय."

"पण ती रोज इथंच होती याला आधार काय?" साहेब म्हणाले. "तुम्ही सगळ्यांनी मला सकाळपासून काय काय सांगितलंय, ते माझ्या वहीत आहे. साडेचार, चार..."

आपल्याच खोटेपणात अडकलेल्या त्या सहा जणी एकमेकींकडे बघत होत्या. मीरिमनं घमेलं खाली ठेवलं, हात पुसले आणि भिंतीवरचं शेतकी सोसायटीचं मोठं कॅलेंडर, मागे टाचलेल्या डिसेंबरच्या पानासकट, काढून साहेबांपुढं धरलं.

त्यावर प्रत्येक तारखेच्या चौकोनात बारीक अक्षरांत सहा आकडे होते. रोज रात्री झोपण्यापूर्वी ती सगळ्यांचा रक्तदाब घ्यायची आणि लिहून ठेवायची. वर्गात शिकवलं होतं ना, म्हणून. शेजारी बारीक शेरे. 'ओकसान आजी : गोळी घेतली नाही, भांडली.' 'सोचोन आजी : चार वेळा उठली.' 'आजी : गुडघा, शेक दिला.' पाच डिसेंबरपासून कालच्या रात्रीपर्यंत सत्तेचाळीस रात्री. एकही चौकोन रिकामा नव्हता. शाई कधी निळी, कधी काळी, एके ठिकाणी तर पेन्सिल.

"भांडली म्हून लिवलंय व्हय ग?" अध्यक्षा कॅलेंडरात डोकावून म्हणाल्या.

"भांडलाच की तुमी," मीरिम म्हणाली.

योम साहेबांनी दोन्ही पानं शेवटपर्यंत वाचली. घाईनं नाही, चौकोनामागून चौकोन. मग फोटो काढला. मग सकाळी लिहिलेल्या पानावर आडवी रेघ मारली आणि नवीन पानावर लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं, "विद्यार्थिनीची प्रत्यक्ष भेट झाली. नोंदवलेल्या घरमालकिणीसोबतच वास्तव्य. गैरहजेरी नाही."

"आन् तेल?" अध्यक्षांनी विचारलं.

"तेल माझ्या खात्यात येत नाही. मला तेलातलं काही कळतही नाही."

सहा म्हाताऱ्यांनी एकदम श्वास सोडला, तो ऐकू आला. मग एकच गलका. कुणी साहेबांच्या पाठीवर थाप मारली, कुणी त्यांचं जाकीट ओढून काढलं, कुणी त्यांना सगळ्यात गरम जागी ढकललं. अध्यक्षा तर एकदम "साहेब" वरून "लेका" वर आल्या. सकाळी का नाही सांगितलंस, म्हणून त्यांनी त्यालाच झापला. त्यानंही, चुकलं आजी, म्हणून मान खाली घातली.

मग जेवण. नको म्हणायची सोय नव्हती. वाळवलेल्या मुळ्याच्या पाल्याचं वाफाळतं सूप, भात, भाजलेला मासा, मीरिमनं आत्ताच काढलेली किमची. मी सूप दोनदा घेतलं. तपासणीची खबर लागलेल्या प्राचार्यांचे नऊ फोन येऊन गेले होते. दहावा मी उचलला आणि सांगितलं, "आहे. समोर बसून जेवतेय." पलीकडून प्राचार्यांनी नाक शिंकरल्याचा आवाज आला.

जेवता जेवता साहेबांना फॉर्मवरचा शेवटचा रकाना आठवला.

"एक राहिलंच. अभ्यास संपल्यावर काय करणार? इथंच काम करणार की सोलला जाणार?"

मी घसा खाकरला. या प्रश्नाचं उत्तर मी सगळ्या मुलांकडून घोटून घेतलेलं आहे : 'मी याच तालुक्यात राहून ज्येष्ठांची सेवा करणार.' फॉर्म तपासणाऱ्यांना ते आवडतं. मी मीरिमकडे बघून भुवया उडवल्या. तिनं त्या पाहिल्या. मग तिनं चुनयांगवाल्या आजींकडे बघितलं. आजी माशातले काटे काढण्यात गुंतल्या होत्या, किंवा तसं दाखवत होत्या.

"म्हाईत न्हाई," मीरिम म्हणाली.

झालं, म्हटलं मी मनात. साहेबांचं पेन अर्ध्यात थांबलं.

"लिवा की," चुनयांगवाल्या आजी म्हणाल्या. मान त्यांनी वर केली नाही. "म्हाईत न्हाई म्हनली ना? तसंच लिवा. माझी तीन पोरं. तिघंबी जाताना त्या पुलावर उभं ऱ्हाऊन म्हनली, आई, दोन वर्सांत परत येतो. थोरला आता साठीचा झालाय." त्यांनी माशाच्या पोटाकडचा मऊ तुकडा काढला, बोटांनी चाचपून काटा नाही ना बघितलं आणि मीरिमच्या भातावर ठेवला. "हिनं तरी खरं सांगितलं. खा गं, गार हुतंय."